सगळ्यात जलद वाचणारा

टॅब्लेट घरी आला तो नवऱ्याच्या दोन्ही हातांत. शेजाऱ्यांचं तान्हं मूल घटकाभर सांभाळायला घेतल्यासारखा त्यानं तो आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, पाण्याची बाटली त्याच्यापासून लांब सरकवली आणि बूट न काढताच खुर्चीवर बसला.

"काय हे?" तिनं विचारलं.

"शिकायचं आहे म्हणे ह्याच्यावर. सगळ्यांना एकेक दिलाय. पानं वाचायची, शेवटी प्रश्न असतात, त्यांची उत्तरं द्यायची. कोण किती वेळात वाचतो ते ऑफिसात आपोआप कळतं."

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे मला सांगावं लागत नाही," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं.

लेक टेबलाखाली बसून गुणगुणत होती. सारखी गुणगुणायची म्हणून घरात तिला भुंगी म्हणत. एरवी ती खाली काय चघळतेय हे वाकून बघितल्याशिवाय आईचा जीव राहायचा नाही. त्या संध्याकाळी तिनं वाकून बघितलं नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोटरच्या नुसत्या आवाजावरून कुठे दुखतंय ते सांगायचा. पण त्याला वाचता यायचं नाही. अगदीच नाही असं नाही. पाट्या, आकडे, स्वतःचं नाव, एवढं जमायचं. ओळीमागून ओळ आली की अक्षरं जागा सोडायची. शाळेत ह्याला आळस म्हणत, घरी हट्ट म्हणत, आणि तो स्वतः काहीच म्हणत नसे. नोकरीचा अर्ज बहिणीनं भरला होता. परीक्षा झाली ती हातांची, आणि त्यात तो पहिला आला होता.

तिला हे लग्नानंतर कळलं. त्याआधी ती त्याला लांबलचक मेसेज पाठवायची आणि त्याचा लगेच फोन यायचा. किती उतावीळ आहे, असं तिला वाटायचं. हॉटेलात मेन्यूकार्ड तिच्याकडे सरकवून तो म्हणायचा, "तू सांगशील ते." हे तिला प्रेम वाटायचं. तसं ते खोटंही नव्हतं.

कळलं तेव्हा ती रुसली नाही, कामाला लागली. लिफ्ट दुरुस्तीचं कंपनीचं जाडजूड पुस्तक होतं, ते तिनं फोनमध्ये वाचून ठेवायला सुरुवात केली. कॉलेज शिकलेली, वाचायची मूळचीच हौस. पण वेळ कुठला. ओट्यापाशी उभी राहून, एका हातानं पुस्तक उघडं धरून वाचायची. मध्ये बेल वाजायची, मध्ये भुंगी रडायची, मध्ये "अरे, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकलास का" हेही त्यात जायचं. परत वाचून नीट करायला सवड नव्हती, त्यामुळे ते तसंच राहिलं. तो येता-जाता कानात घालून ऐकायचा आणि एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. कामावर त्याला सगळे वकील म्हणत. तोंडी विचारा, उत्तर तयार. लेखी काही मागितलं की तारीख पुढची.

अशी गाडी छान चालली होती. आता हे टेबलावर येऊन बसलं होतं.

"वाचता येत नाही हे कळलं तर काय करतील?" तिनं विचारलं.

"काय करणार. गोदामात बसवतील. खोकी मोजायला." मग बूट काढता काढता म्हणाला, "किंवा घरी."

तिची नोकरी भुंगीच्या जन्माबरोबर सुटली होती. घर त्याच्याच पगारावर चालायचं, हे दोघांनाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुंगी झोपली आणि तिनं टॅब्लेट उघडला. नुसतं बघायचं, असं ठरवून उघडला. बघते तर तेच पुस्तक. तीच वाक्यं, तीच चित्रं, फक्त चित्रांना रंग आणि कोपऱ्यात हसरा पिवळा चेहरा. हे सगळं तिनं मोठ्यानं वाचलेलं होतं, काही पानं तर दोनदा. तिनं बोटानं एक पान सरकवलं. मग दुसरं. ह्याच्या नावावर एवढी पानं तरी वाचून झालेली दिसू देत, एवढाच विचार. भुंगी उठायच्या आत उरकायचं म्हणून हात आपोआप भरभर चालला. संध्याकाळी तो आला तेव्हा प्रश्न तिनं वाचून दाखवले, त्यानं मोजे काढता काढता उत्तरं सांगितली आणि तिनं बटणं दाबली. एकही चुकलं नाही. पिवळा चेहरा टाळ्या वाजवायला लागला.

"बघ, झालं की," ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला. पण तो चेहऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

पुढचे धडेही असेच झाले. आणि मग एके दिवशी तो आला तो दारातच उभा राहिला.

"तू वाचतेस किती भराभर?"

"का रे?"

"सगळ्या कंपनीत मी सर्वांत जलद वाचतो म्हणे. ट्रेनिंगच्या मॅडमनी फळ्यावर नाव लावलंय. काकांनी येऊन पाठ थोपटली." काका म्हणजे त्यांचा फोरमन. "आता एक चष्मा आलाय. घातला की डोळ्यांसमोर अक्षरं दिसतात, हात मोकळे. वाचत वाचत काम करायचं. तो सगळ्यांसमोर पहिल्यांदा कोणी घालून दाखवायचा?"

"तूच?" ती म्हणाली.

"घरच्यांनाही बोलावलंय," तो पुढे म्हणाला. "घरी शिकताना काय अडचण आली ते त्यांच्याकडून ऐकायचं आहे मॅडमना."

भुंगीनं विचारलं, "बाबा पहिला आला?"

"हो," तो म्हणाला. "आईला विचार कसा ते."

त्या आठवड्यात तिनं इतक्या युक्त्या काढल्या की तिची तिलाच दमछाक झाली. आजारी पड. पाय मुरगळू दे. चष्मा घेऊन ये, मी रात्रभर बसून वाचते. तो प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचा आणि ताट उचलून बेसिनकडे जायचा. शेवटी ठरलं ते असं: चष्मा घालायचा, जरा वेळ तोंडपाठ काम करून दाखवायचं, आणि अडलं की डोकं दुखतंय म्हणायचं. नव्या चष्म्यानं डोकं कोणाचंही दुखतं.

"डोकं दुखतंय, गरगरतंय, एवढंच. पुढे काही बोलू नकोस. तुला उगाच जास्तीचं बोलायची सवय आहे."

"वकील ना मी," तो म्हणाला.

वर्कशॉप तिनं पहिल्यांदाच बघितलं. उंच छत, ग्रीसचा वास, भिंतीला लोखंडी रूळ टेकवून ठेवलेले. मधोमध शिकण्यासाठी उभारलेली एक लिफ्ट होती, दोनच मजल्यांची; भिंती नाहीत, सगळी आतडी बाहेर. खाली खड्डा होता आणि त्याला नुसती एक साखळी लावलेली. भुंगीला तिनं मांडीवर असं आवळून धरलं की भुंगी म्हणाली, "आई, मला पोट आहे."

मेकॅनिक बाकांवर बसले होते, त्यांच्या मागे बायका, एकाची आई, एकाचा मोठा भाऊ. ट्रेनिंगच्या मॅडम वयानं तिच्याएवढ्याच असतील. सर्दीनं नाक लाल झालेलं, हातात रुमालाचा गोळा. इतकी साधी बाई आपला संसार उधळू शकते, ह्याचं तिला नवल वाटलं.

फोरमनकाका येऊन तिच्याशेजारी बसले. पोट पुढे, मिशी पांढरी, खिशाला टेस्टर.

"सूनबाई, बरं झालं आलात. वकील आज पहिला."

"हो ना," ती म्हणाली. आवाज कुठून आला कोण जाणे.

समोर दोन मेकॅनिक लिफ्ट तयार करत होते. एक वर चढणार, तेवढ्यात दुसरा म्हणाला, "दूध बघ." पहिला जागच्या जागी थांबला, थोडा वेळ नुसता उभा राहिला, मग चढला. चहाची तयारी चालली असावी, असं तिला वाटलं. कोणाच्या हातात दूध दिसेना, पण तिचं तिकडे लक्ष कुठे होतं.

मॅडमनी दोन शब्द बोलून नवऱ्याला पुढे बोलावलं आणि चष्मा त्याच्या नाकावर बसवला. जाड काड्यांचा, एका काचेपाशी छोटा दिवा लागलेला. चष्म्यात दिसेल तेच मागच्या पडद्यावर मोठं दिसत होतं, म्हणजे सगळ्यांना कळावं. पडद्यावर ओळी उमटल्या. तिनं त्या एका दमात वाचून टाकल्या, त्याच्यासाठी, जणू तिनं वाचलं तर त्याला पोचणार होतं.

"लिफ्टच्या टपावर चढायचं आहे," मॅडम म्हणाल्या. "चष्म्यात येईल तसं करत जा."

त्यानं सुरुवात केली, आणि झोकात केली. किल्लीनं वरच्या मजल्याचं दार उघडलं. दाराला पाचर लावली. हात आत घालून लाल स्टॉप बटण दाबलं. मग थांबला. काही न करता, हात बाजूला सोडून, लिफ्टकडे बघत उभा राहिला. तिला वाटलं, गेलं, इथेच अडला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "बटण दाबल्यावर लिफ्ट खरंच थांबली आहे का, हे बघायला कोणी थांबत नाही. तुमच्यात मात्र सगळेच थांबतात. आता पुढची ओळ. ही तुमच्या पुस्तकात नाही, नवीन घातली आहे. जरा मोठ्यानं वाचून दाखवाल?"

पडद्यावर ओळ होती: टपावर पिवळी पट्टी कुठे आहे ते पाहा आणि तिच्या आतच उभे राहा.

नवऱ्यानं चष्मा नाकावर सरळ केला.

चष्म्याचा दिवा लुकलुकत होता. बाकांवर कोणीतरी खोकलं. आता म्हण, तिनं मनातल्या मनात त्याला हाक घातली, डोकं दुखतंय म्हण, दोनच शब्द आहेत. तो म्हणेना. मग तिच्या लक्षात आलं की आपण उठून उभ्या राहिलोय, भुंगी कडेवर आहे, आणि तोंड उघडलंय. सगळं मीच केलं, हे वाक्य ओठांवर आलं होतं.

त्यानं चष्मा काढला. घडी घातली, नीट, काचांना बोट न लावता.

"मॅडम, मला हे वाचता येत नाही," तो म्हणाला. "चष्म्याचा दोष नाही. मला मुळातच नीट वाचता येत नाही. टॅब्लेटवरची पानं माझ्या बायकोनं सरकवली, माझ्या काळजीनं. उत्तरं माझी आहेत. ती कधीही विचारा, आत्ता विचारा. पण ह्या पट्टीचं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना मी टपावर पाय ठेवणार नाही."

ती उभीच होती. बसावं की पुढे जावं हे कळेना. आता कोण हसतं, कोण कोणाकडे बघतं, हे टिपायला तिची नजर बाकांवरून फिरली. कोणी हसत नव्हतं. कोणी चकितही झालेलं दिसेना. एक जण तर कान कोरत होता.

"सूनबाई, बसा," फोरमनकाका म्हणाले. "पोरीचं वजन आहे. आम्हाला माहीत आहे ते."

"काय माहीत आहे?"

"त्याला वाचता येत नाही ते. कधीपासूनच."

नवरा वळला. "कोणाला माहीत आहे?"

"अरे, सगळ्यांना," पहिल्या बाकावरून आवाज आला. "तू बोलत नव्हतास, मग आम्ही कशाला बोलायचं."

"आपल्याकडे नवीन लागलेल्या पोराला तू फोनमधलं ते वाचन ऐकायला दिलं होतंस ना," काका म्हणाले. "कुठल्यातरी कोर्सचं आहे म्हणून. त्याच्याकडून मी घेतलं, माझ्याकडून ह्यांनी. कोर्सची बाई कधी मध्येच ओल्या टॉवेलावरून ओरडते का? आणि सूनबाई, त्याचे हात कामात असले की तुमचा फोन मीच उचलतो. आवाज ओळखायला वकील लागत नाही."

आता मात्र बाकं हसली. ती धपकन बसली. चेहरा गरम झाला होता. घरातला ओला टॉवेल, बेल, भुंगीचं रडणं, सगळं ह्या अनोळखी माणसांच्या कानात वर्षानुवर्षं वाजत होतं.

मॅडम रुमाल नाकाशी धरून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही सगळे ते ऐकता?"

"पाठ आहे."

"म्हणूनच." त्यांनी कपाळावर हात मारला. "मी महिनाभर डोकं फोडतेय. टॅब्लेट सांगतो पानं कोणीच उघडली नाहीत, आणि उत्तरं सगळ्यांची बरोबर. मला वाटलं यंत्र बिघडलंय. त्यातल्या त्यात एका घरात पानं वाचली जात होती, म्हणून यांचं नाव लावलं फळ्यावर."

"ती पण बायकोनं वाचली," कोणीतरी म्हणालं. "मग नाव वहिनींचं लावा."

नवऱ्याच्या हातात अजून चष्मा होता. "मॅडम, माझं काय?" त्यानं सरळ विचारलं. "गोदामात जायचं का?"

इतक्या दिवसांची भीती ह्या एका उत्तरावर येऊन थांबली होती.

"गोदामात कशाला?" मॅडम म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "अहो, परीक्षा तुमची नाही, ह्या वस्तूंची आहे. टॅब्लेट ठेवायचा की परत करायचा, चष्मा घ्यायचा की नाही, हे ठरवायला आलेय मी. तसं पहिल्या दिवशी दिलेल्या पत्रकात लिहिलं होतं." मग त्यांची नजर त्याच्या हातातल्या चष्म्याकडे गेली. "पत्रकात लिहिलं होतं," त्या पुन्हा म्हणाल्या, ह्या वेळी हळू. "माफ करा. ते बोलून सांगायला हवं होतं."

"आम्ही पण नव्हतं वाचलं," पहिला बाक म्हणाला.

मॅडमनी चष्म्याच्या काडीवरचं काहीतरी दाबलं आणि तो परत त्याच्या हातात दिला. पिवळ्या पट्टीची ओळ आता चष्म्याच्या आतून एक बाई वाचू लागली, सपाट आवाजात, झोपेत बोलल्यासारखी. नवऱ्यानं ऐकलं. पट्टी शोधली. टपावर चढून तिच्या आत उभा राहिला आणि पुढचं सगळं काम, ब्रेक सोडण्यापासून दार बंद करण्यापर्यंत, एकदाही न अडखळता करून खाली उतरला. मॅडम लिहून घेत होत्या.

"आवाज कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू?"

"सांगा."

"हिला कशाची घाई नाही. घाई नसलेल्या माणसाचं बोलणं लक्षात राहत नाही."

मॅडम मग तिच्याकडे आल्या. घरी काय अडचण आली, हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. तिनं अडचण सांगितली. सगळी सांगितली, एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना, आणि सांगताना तिचं तिलाच जाणवलं की अर्ध्याअधिक अडचणी टॅब्लेटच्या नव्हत्याच. मॅडमनी मान हलवत ऐकून घेतलं आणि तिची ती वाचनं ऐकायला मागितली, आवाज कसा हवा हे ठरवायला.

"आधी मला नीट करू द्या," ती घाईनं म्हणाली. "त्यात नको नको ते आहे. एका जागी तर स्टॉप बटण झाल्यावर मी 'थांब, दूध बघते' म्हणून निघूनच गेलेय, कितीतरी वेळ नुसती शांतता आहे..."

बोलता बोलता ती थबकली. दोन मेकॅनिक लिफ्टपाशी उभे होते, त्यातल्या एकानं मान खाली घातली होती, आणि त्याचे खांदे हलत होते.

"ते दूध काढू नका, सूनबाई," काका म्हणाले. "बाकी काय हवं ते काढा. पूर्वी बटण दाबलं की आम्ही लगेच टपावर उडी मारायचो. तुमचं दूध बघून होईपर्यंत आता थांबतो."

घरी जाताना भुंगी दोघांच्या मध्ये, दोन्ही हात धरून, पाय उचलून लोंबकळत होती. एरवी खांदा निखळेल म्हणून आई ओरडली असती.

"डोकं दुखतंय म्हणायचं ठरलं होतं आपलं," ती म्हणाली.

"हो. पण दुखत नव्हतं." थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, "खोटं सांगून टपावर चढलो असतो तर तू घरी जाऊन मला सोललं असतंस."

"सोललं नसतं."

"टॉवेलासाठी सोलतेस."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. त्यानं ते पाहिलं आणि भुंगीला आणखी एक झोका दिला.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. बाहेरच्या खोलीत भुंगी चित्रांचं पुस्तक घेऊन बापाच्या मांडीवर चढली. "बाबा, वाच." ह्या शब्दांवर आजवर आई हातातलं टाकून धावत बाहेर यायची, दे इकडे, मी वाचते, बाबा दमलाय. आजही तिचा पाय उचलला गेला. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मला नाही येत गं वाचता," बाहेरून त्याचा आवाज आला. "माझी अक्षरं पळतात."

"कुठे?"

"माहीत नाही. तू चित्रं बघून सांग, मी ऐकतो."

भुंगीनं विचार केला असावा. मग म्हणाली, "मला पण नाही येत. पण मी सांगते. एक होता ससा, त्याला पोट होतं."

भुंगीनं पुस्तक सुलटं धरलंय की उलटं, ती ओळींवरून बोट कुठून कुठे नेतेय, हे दाराआडून बघायची आईला रोजची सवय होती. बापाचं लेकीत उतरलंय का, ह्याचा शोध. आज ती दारापर्यंत गेली नाही. तिनं खिडकीपाशी स्टूल ओढलं, त्यावर बसली, बाहेर सशाचं काय होतंय ते ऐकत राहिली, आणि कपातला चहा, किती दिवसांनी कोण जाणे, गरम असतानाच संपवला.